सिद्ध झालेला पंप

१

टाकेवाल्या आजी एक्स-रे काढून वॉर्डात परत आल्या तेव्हा त्यांची बडबड चालू होती. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, त्यात आता कंबरेचं ऑपरेशन, म्हणून वॉर्डाने त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि त्यांनीही ते हसत घेतलं होतं. सिस्टरने खाट जागेवर लावली, दुखणं कमी करणाऱ्या औषधाच्या पंपाची वायर भिंतीत खोचली आणि ती शेजारच्या खाटेकडे वळली. परत येऊन बघते तर आजी निळ्या पडलेल्या, श्वास जेमतेम चाललेला. सगळा वॉर्ड धावला म्हणून आजी वाचल्या. पण तेवढ्या वेळात मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली.

मी सिस्टरचा वकील. लोक माझ्याशी खोटं बोलतात आणि वर त्याची फी देतात, असा माझा धंदा आहे, त्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. पण पंप बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर वाचून मी हात टेकले. उत्तर असं होतं: सुरुवातीचा मोठा डोस दोनदा गेल्याची खूण पंपाच्या मेमरीत आहे. तो डोस 'सुरू' बटण दाबल्याशिवाय जात नाही, आणि हे नुसतं तपासून पाहिलेलं नाही, गणिताने सिद्ध केलेलं आहे. म्हणजे सिस्टरने बटण दोनदा दाबलं.

दोन दिवसांनी चौकशी समिती बसणार होती. सिस्टरने चूक कबूल करून सही दिली तर नोकरी जाणार होती, पण नर्सिंगचा परवाना वाचणार होता. सही नाही दिली आणि चूक तिचीच ठरली, तर परवानाही जाणार होता. सिस्टर सही करायला निघाली होती.

जेवताना मी हे घरात सांगितलं. माझी मेहुणी आमच्याकडे राहायला आली होती. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची आणि पुढे बरीच वर्षं कंप्युटरच्या चिपा बरोबर आहेत की नाहीत हे प्रूव्हर नावाच्या प्रोग्रामकडून सिद्ध करून घ्यायची. घरात तिला शंकाबाई म्हणतात. आठ वाजले असं सांगितलं तर ती दुसऱ्या खोलीतलं घड्याळ बघून येते.

"भावोजी, शाळेत भूमिती होती ना तुम्हाला?" ती म्हणाली. "पक्ष, साध्य, सिद्धता?"

"होती. मला त्यात कधी गती नव्हती."

"साध्य काय ते कंपनीनं सांगितलंय. सिद्धता आहे म्हणतात. पक्ष काय होता, ते कुणी विचारलंय का?"

मी हात धुऊन कंपनीचं उत्तर पुन्हा काढलं.

२

सकाळी आम्ही आधी हॉस्पिटलात गेलो. सिस्टर नर्सेसच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची, कामाला वाघीण अशी बाई, पण आता बोलताना जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही बटण दोनदा दाबलंत का?" मेहुणीने आडवळण न घेता विचारलं.

"दाबलं असेल."

"असेल म्हणजे? आठवतंय की नाही?"

"पंप चुकत नाही म्हणतात. मग मीच उरते ना, ताई."

मला गलबलून आलं. अशिलाचं ऐकून मला सहसा असं काही होत नाही.

मेहुणीने तिला त्या दिवसाचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. सकाळी पंप सुरू केला होता. एक्स-रेला नेताना तो चालूच ठेवला होता, फक्त वायर काढली होती. त्यात बॅटरी असते, त्यामुळे असं रोजच करतात. परत आल्यावर वायर लावली. एवढंच.

वॉर्डातून बाहेर पडताना मेहुणी एका खाटेपाशी थांबली. पंपाचा प्लग भिंतीवर चिकटपट्टीने घट्ट बांधला होता. पुढच्या खाटेशी तसंच, त्याच्या पुढच्याही.

"हे कुणी केलं?"

"कंपनीतून फोन आला होता," सिस्टर म्हणाली. "अपघातानंतर. ऑपरेटरनं घेतला, निरोप फक्त वॉर्डापर्यंत आला. चालू पंपाची वायर काढू नका म्हणे. आमच्या मावशींनी पट्ट्याच मारून टाकल्या. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीकडेही असाच फोन गेला होता."

"कुणाचा होता?"

"नाव नाही सांगितलं."

मेहुणीने तिचा हात हातात घेतला. "आज सही करू नका. उद्या सकाळपर्यंत थांबा."

गाडीत बसल्यावर तिने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, "भावोजी, पंप चुकूच शकत नाही असं सिद्ध करणाऱ्या कंपनीतच कुणालातरी त्या पंपाची भीती वाटतेय. आणि ते माणूस मूग गिळून बसलंय."

३

कंपनीचे साहेब आमची वाटच बघत होते. समितीच्या पत्रामुळे त्यांना आम्हाला आत घेणं भाग होतं. पण त्यांनी आमचं स्वागत असं केलं, जणू आम्ही पंप विकत घ्यायलाच आलो होतो.

दिवाणखान्याएवढ्या दालनात टेबलावर पंप मांडले होते. एकात औषधाऐवजी पाणी भरून तो चालू ठेवला होता. साहेबांनी बोलता बोलता त्याची वायर ओढून काढली, परत लावली, परत काढली.

"बघा. काही फरक पडतो का? वायर काढली तर बॅटरी, लावली तर भिंतीची वीज. औषधाचा थेंब इकडचा तिकडे होत नाही. आमचे गणिताचे मास्तर आहेत, त्यांनी सिद्ध केलंय हे."

"सिद्धतेला किती वेळ लागतो?" मेहुणीने विचारलं.

साहेबांची कळी खुलली. "जुन्या पंपाची सिद्धता रात्रभर चालायची. नव्या पंपाची पाच मिनिटांत होते. प्रूव्हर तोच, कंप्युटर तेच. मास्तरांच्या हाताला यश आहे."

"आणि नवा पंप जुन्यापेक्षा सोपा आहे?"

"छे, अवघड. त्यात दोन्हीकडून वीज घेणारी सर्किटची नवी पाटी आहे. का?"

"काही नाही. मला वाटायचं अवघड गोष्टीला जास्त वेळ लागतो."

साहेब हसले. मीही हसलो, कारण तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं. मेहुणी मात्र हसली नाही.

४

ती नवी पाटी बनवणाऱ्या बाईंना सगळे बॅटरीवाली म्हणत. हातात सोल्डरिंगची कांडी, कपाळावर चष्मा, आणि तोंड फाटकं.

"माझ्या पाटीवर खापर फोडायला आलात काय?"

"अजून नाही," मेहुणी म्हणाली.

बॅटरीवालीला हे उत्तर आवडलं असावं. तिने एक उघडा पंप पुढे ओढला, तो चालू असतानाच न बघता त्याची वायर उपटली आणि पाटीवरचे दोन दिवे दाखवले. हिरवा म्हणजे भिंत, पिवळा म्हणजे बॅटरी. वायर लावली की क्षणभर दोन्ही लागायचे, मग पिवळा विझायचा.

"जुन्या पंपात मध्येच क्षणभर अंधार व्हायचा, वीजच नसायची," ती म्हणाली. "म्हणून मी दोन्ही क्षणभर एकत्र ठेवले. पंप सुरू होतानाही तसंच होतं. यात काही चूक नाही, आणि मी ते लपवलंही नाही. मास्तरांना एक वाक्य लिहून दिलं: सुरू होताना आणि वायर लावताना क्षणभर दोन्ही विजा असतात."

"ते वाक्य प्रूव्हरला दिलं?"

"दिलं की. पंपाबाहेरचं जग त्याला आपणच सांगायचं असतं. गृहीतकं म्हणतात त्यांना. सांगाल ते तो निमूटपणे खरं मानतो, आणि त्यावरून पुढचं सिद्ध करतो."

मेहुणीने प्रूव्हरचा छापील अहवाल चाळला. "एकूण एक ओळ हिरवी. सगळं सिद्ध. एकही नापास नाही?"

बॅटरीवालीने चष्मा डोळ्यांवर घेतला. "हां, पूर्वी शेवटी एक लाल ओळ असायची. मास्तरांची जुनी सवय. ते मुद्दाम एक खोटं वाक्य घालायचे: पंप एकाच वेळी चालू आहे आणि बंद आहे. प्रूव्हरला ते सिद्ध करता येता कामा नये. पण गिऱ्हाइकं साहेबांना विचारायची, हे लाल काय आहे, काय नापास झालंय? साहेब वैतागले. नव्या पंपाचं काम सुरू व्हायच्या आधीच मास्तरांनी ते वाक्य काढून टाकलं."

मेहुणीने अहवाल मिटला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तिच्या बहिणीच्या चेहऱ्यावर कधीतरी पाहिलं आहे. घरात गॅसचा वास आला की येतं तसं.

५

मास्तर खरोखरच मास्तर होते. शाळेत गणित शिकवून, मग पुन्हा स्वतः शिकून इथे आलेले. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, टेबलावर एकही वस्तू तिरकी नाही.

"पंप हजारदा चालवून बघितला तर हजारदा काय झालं एवढंच कळतं," ते मला समजावून सांगत होते, आणि मला पहिल्यांदाच भूमिती कळतेय असं वाटत होतं. "त्याच्या पुढच्या वेळी काय होईल, ते कळत नाही. सिद्धता सगळ्या वेळांचं सांगते. न आलेल्या वेळांचंही. म्हणून मी या कामात पडलो. वर्गात पोरं विचारायची, सर, हे शिकून उपयोग काय? एवढ्या वर्षांनी मला उत्तर सापडलं होतं. आजारी माणसाला शांत झोपता यावं, हा उपयोग."

"जुन्या पंपासाठी विजेबद्दल काय लिहिलं होतंत?"

"एका वेळी एकच वीज. भिंतीची किंवा बॅटरीची, दोन्ही कधीच नाही. तेव्हा ते खरं होतं."

"ते वाक्य अजून आहे?"

मास्तर म्हणाले, "आहे."

"खिडकीजवळचा तो पंप जरा इकडे आणता? जवळून बघते."

मास्तर उठले. पंप चालू होता. त्यांनी बटण दाबून तो बंद केला, दिवा विझेपर्यंत थांबले, मग वायर काढली, नीट गुंडाळली आणि पंप आमच्यापुढे आणून ठेवला. माणूस शिस्तीचा, असं मी मनात म्हटलं.

मेहुणीने पंपाकडे पाहिलंही नाही. "साहेबांना आणि बॅटरीवालीला बोलवा, भावोजी," ती म्हणाली. "मला प्रूव्हरला एक प्रश्न विचारायचाय."

६

आम्ही पाच जण त्या छोट्या खोलीत जमलो होतो.

"मास्तर, तुमचं जुनं खोटं वाक्य परत घाला," मेहुणी म्हणाली. "पंप एकाच वेळी चालू आणि बंद आहे."

मास्तरांचे हात मांडीवरून हलले नाहीत. शेवटी बॅटरीवालीनेच कीबोर्ड ओढून घेतला आणि वाक्य टाइप केलं. बघता बघता ओळ उमटली. हिरवी. सिद्ध.

"म्हणजे चांगलंच झालं ना?" साहेबांनी विचारलं.

मेहुणीने बॅटरीवालीला आणखी एक वाक्य सांगितलं: दोन बरोबर तीन. तेही सिद्ध झालं. साहेबांचा चेहरा उतरला.

"भावोजी कधी चुकत नाहीत हेसुद्धा तो आत्ता सिद्ध करून देईल," मेहुणी म्हणाली, पण तिच्या आवाजात गंमत नव्हती. "जुनं वाक्य म्हणतं, दोन्ही विजा कधीच एकत्र नसतात. नवं वाक्य म्हणतं, सुरू होतानाच त्या एकत्र असतात. लिहिली तेव्हा दोन्ही खरी होती, पण एका जगात दोन्ही राहू शकत नाहीत. प्रूव्हर बिचारा दोन्ही मानून बसलाय."

हे मात्र मला वकील म्हणून लगेच कळलं. साक्षीदार म्हणाला की मी घरी होतो आणि मी घरी नव्हतो, आणि कोर्टाने दोन्ही खरं धरलं, तर त्या साक्षीवर मी कुणालाही सोडवीन आणि कुणालाही अडकवीन.

"म्हणून सिद्धता पाच मिनिटांत होत होती," मेहुणी म्हणाली. "काही शोधायचंच नव्हतं त्याला. काहीही विचारा, हो. पंप सुरक्षित आहे का? हो. पहारेकऱ्यासारखं एक खोटं वाक्य होतं, ते असतं तर पहिल्याच दिवशी हे कळलं असतं. पण ते आधीच घरी पाठवलेलं."

साहेब खुर्चीत बसले. "मी फक्त लाल ओळ नको म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले.

"मग पंपाचं प्रत्यक्षात काय होतं?" बॅटरीवालीने विचारलं. "मी हजारदा वायर उपटलीय."

"मी सांगू, की मास्तर सांगतील?" मेहुणी म्हणाली. "कारण आपल्याला हे आत्ता कळलं. यांना आधीच माहीत होतं."

७

बोलत राहिली ती मेहुणीच, आणि वर्गात लाजऱ्या मुलाशी बोलावं तशी.

"हॉस्पिटलांना कुणीतरी फोन केला: चालू पंपाची वायर काढू नका. म्हणजे वायरीत धोका आहे हे त्याला माहीत होतं. साहेबांनी आमच्यासमोर चालू पंपाची वायर मजेत ओढली. बॅटरीवालीने न बघता उपटली. दोघांनाही भीती नव्हती. तुम्ही पंप आधी बंद केलात. दिवा विझेपर्यंत थांबलात. मग वायर काढलीत. मास्तर, तुमच्या पंपात तर पाणीही नव्हतं."

मास्तरांनी त्या पंपाची गुंडाळलेली वायर हातात घेतली.

"अपघाताचं कळलं त्या दिवशी सगळे जेवायला गेले होते," मास्तर म्हणाले. "मी ते खोटं वाक्य परत घालून बघितलं. हिरवं आलं. मग मी कागदावर बसून शोधलं. औषध ढकलणारा दट्ट्या पुढे सरकत असतानाच वायर लागली, तर त्या क्षणी दोन्ही विजा बघून पंपाला वाटतं आपण नव्याने सुरू होतोय. तो सुरुवातीचा डोस पुन्हा देतो. क्वचितच तशी गाठ पडते. हजारदा उपटूनही न पडावी इतकी क्वचित."

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता.

"दुरुस्ती करत होतो. ती सिद्ध झाली की चूक आणि दुरुस्ती एकदमच सांगणार होतो. तोवर कुणाला काही होऊ नये म्हणून फोन केले. माझ्या आधीच्या सगळ्या सिद्धता आहेत, वकीलसाहेब. त्या यंत्रांवर लोक आत्ता झोपलेत. माझं एक खोटं निघालं की कुणी कशावर विश्वास ठेवायचा? वाटलं, आठवडाभरात जमेल."

"आणि सिस्टर सही करायला निघाली होती."

"परवाना राहील असं ऐकलं होतं. तिला दुसरीकडे नोकरी मिळेल, असं मी धरून चाललो."

"तेही गृहीतकच होतं," मेहुणी म्हणाली.

मास्तरांनी चेहरा ओंजळीत धरला. माझा राग तिथेच ओसरला. लबाड माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, हा त्यातला नव्हता. आयुष्यभर छातीठोकपणे 'सिद्ध' म्हणणाऱ्याला 'चुकलो' हा शब्द तोंडातून काढता येत नव्हता, एवढंच होतं. पण त्या एवढ्याशा गोष्टीपायी एक बाई उद्ध्वस्त होत होती.

साहेबांबद्दलचं माझं मतही मला थोडं दुरुस्त करावं लागलं. ते उठले, फोन लावला आणि नव्या पंपांपैकी एकूण एक आजच्या आज परत मागवा म्हणून सांगितलं. पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं. "बुडालो तर बुडालो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मेहुणी मास्तरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "तुमच्या फोनमुळे आणखी कुणी निळं पडलं नाही. ते उद्या समितीला मी सांगेन. बाकीचं तुम्ही सांगायचं."

८

मास्तरांनी सांगितलं. समितीपुढे उभं राहून, फळ्यावर दोन वाक्यं लिहून, काही न लपवता. सिस्टरवर काही ठपका नाही असं समितीने तिथेच जाहीर केलं. मी पुढे काय काय मागायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो. वकील आहे, सवय जात नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात सिस्टर बाकावर बसली होती. सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर शोधूनही सापडेना. मास्तर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"सिस्टर, तुम्ही बटण एकदाच दाबलं होतं."

"मला दोनदा दाबलेलं दिसायला लागलं होतं," ती म्हणाली. "डोळे मिटले की दिसायचं. पहिल्यांदा दाबलं, मग शेजारच्या खाटेकडे बघता बघता पुन्हा दाबलं. इतकं स्पष्ट, की सही करताना मी खोटं बोलतेय असंसुद्धा मला वाटलं नसतं."

मास्तरांनी हात जोडले.

"त्याचं काही नाही, जाईल ते हळूहळू," सिस्टर म्हणाली. "पण मी टाकेवाल्या आजींना सांगितलंय, मास्तर. परवा त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं, की तुमचा हात माझ्यामुळे गेला. त्या खूप रडल्या. मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला माफ केलं. फार जड गेलं त्यांना, मी बघत होते." ती उठून उभी राहिली. "ती माफी माझ्याकडे चुकून आलीय. तुम्ही माझ्याबरोबर चला, आणि त्यांना सांगा. तुम्हाला द्यायची की नाही, ते त्या ठरवतील."

मास्तरांनी एकदा मेहुणीकडे पाहिलं. मग ते सिस्टरच्या मागोमाग वॉर्डाच्या दिशेने चालू लागले, आणि दारापाशी त्यांचे पाय अडखळले तेव्हा सिस्टरनेच त्यांना दंडाला धरून आत नेलं.